बिल थकलं की फसवणूक झाली? आधी तीन ढीग वेगळे करा

प्रश्न : माझा पितळी फिटिंग्ज बनवण्याचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी २०२१ ची. एका व्यापाऱ्याला तीन वर्षांपासून साठ दिवसांच्या उधारीवर माल देतो. २०२४ मधल्या दोन बिलांचे २ लाख ३५ हजार त्याच्याकडे अडकलेत. "पुढच्या हिशेबात बघू" असं म्हणत राहिला. त्याचं फोर्जिंगचं वर्कशॉपही आहे. ११ फेब्रुवारी २०२५ ला मी ४०० किलो पितळी रॉड आणि माझ्या दोन डाय (साचे) जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर पार्ट करून घेण्यासाठी, पाठवल्या. १५० किलोचे पार्ट परत आले. उरलेला रॉड नाही, डायही नाहीत. ऑगस्टमध्ये त्याने एका मोठ्या कंपनीची परचेस ऑर्डर व्हॉट्सॲपवर पाठवली. त्या भरवशावर १४ लाख २० हजारांचा माल दिला, दीड लाख ॲडव्हान्स घेतला. नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, अशी ऑर्डर त्यांनी दिलीच नव्हती. जाब विचारल्यावर त्याने दोन चेक दिले. चार लाखांचा चेक 'अपुरी शिल्लक' म्हणून परत आला, बँकेचा मेमो २९ डिसेंबरला मिळाला. २० नोव्हेंबर तारखेचा तीन लाखांचा चेक "इतक्यात टाकू नका" म्हणाला म्हणून तसाच ठेवलाय. पोलिस ठाण्यात "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं तोंडी सांगून परत पाठवलं. ओळखीचे म्हणतात, ४२० टाका, आत गेला की पैसे बाहेर येतील. काय करू? (पत्राची तारीख ९ जानेवारी २०२६)

उत्तर : फौजदारीचं नंतर बघू. आधी कॅलेंडर काढा, कारण तुमच्या पत्रात तीन तारखा धावतायत आणि त्यांतली एकही पोलिसांची नाही.

पहिली तारीख परत आलेल्या चेकची. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. मेमो २९ डिसेंबरचा आहे, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुदत संपते. २० जानेवारी हीच आपली शेवटची तारीख समजा आणि वकिलांकडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. नोटिशीत चेकचीच रक्कम मागा, नेमके चार लाख. बाकीची थकबाकी, व्याज, डायची किंमत हे सगळं त्याच आकड्यात कालवलं की नोटीस सदोष ठरते, आणि ही चूक सर्रास होते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ती चालते, त्याच्या गावी जायची गरज नाही.

दुसरी तारीख ठेवलेल्या चेकची. चेक तीन महिने जिवंत असतो. २० नोव्हेंबरचा चेक २० फेब्रुवारीच्या सुमारास मरेल. "इतक्यात टाकू नका" हा सल्ला देणाऱ्याच्या फायद्याचा आहे. उद्या बँकेत टाका. पहिल्या चेकची नोटीस काही कारणाने चुकलीच, तर तोही मुदतीत पुन्हा टाकता येतो आणि नवा मेमो मिळाला की ३० दिवस नव्याने सुरू होतात, हे माहीत असू द्या.

तिसरी तारीख जॉबवर्कची, ११ फेब्रुवारी २०२६. तिच्याकडे खाली येतो, कारण तिथे तुमचा सीए नकळत तुमचाच खटला बुडवू शकतो.

आता मूळ प्रश्न. करार मोडणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. पैसे द्यायचे ठरले आणि दिले नाहीत, माल वेळेवर पाठवायचा होता आणि पाठवला नाही, यावर १८७२ च्या करार कायद्यात नुकसानभरपाई आहे, तुरुंग नाही. फसवणुकीचा गुन्हा (भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, लोकांच्या तोंडी बसलेलं ४२० म्हणजे त्याच्या पोटकलम ४ चा जुना पत्ता) उभा राहतो तो समोरच्याने माल उचलतानाच, त्या क्षणी, खोटं बोलून तुम्हाला द्यायला लावलं असेल तर. त्यावेळी इरादा साफ होता आणि नंतर धंदा बसला, नियत फिरली, बँकेने हात आखडला, तर ती उधारी. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात २००० साली ही रेघ ओढली आणि तेव्हापासून असंख्य गुन्हे याच रेघेवर रद्द झाले. तेव्हा तुमच्या पूर्ण प्रकरणात एकच गोष्ट शोधायची आहे : खोटं कधी बोललं गेलं, आणि माल त्याच्या आधी गेला की नंतर.

या एका कसोटीवर तुमचे तीन व्यवहार तीन दिशांना जातात. सगळे मिळून 'अमुक लाखांची फसवणूक' असा एक अर्ज लिहाल, तर सगळ्यात कमजोर व्यवहार बाकी दोघांना घेऊन बुडेल.

२०२४ ची दोन बिलं फौजदारीतून काढूनच टाका. आधी नियमित पैसे दिले, मग दोन बिलं राहिली, तुम्ही पुढेही माल देत राहिलात. यात फसवणूक कुठेच नाही. तिथे वसुलीच, आणि तीन वर्षांची मुदत साठ दिवसांची उधारी संपल्यापासून मोजायची. 'पुढच्या हिशेबात बघू' हे त्याने मेसेजवर लिहिलं असेल तर जपून ठेवा. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं मान्य केलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, म्हणून खातेउताऱ्यावर त्याची सही आणि शिक्का घ्यायचा प्रयत्न आजही करा.

ऑगस्टचा व्यवहार वेगळा, आणि तुमचं खरं फौजदारी प्रकरण इथे आहे. बोगस ऑर्डर दाखवली, ती बघून तुम्ही माल सोडला, मग खोटं उघड झालं. क्रम बरोबर आहे. पण आज तुमच्या हातात काय आहे? ओळखीच्या माणसाचा तोंडी शब्द. तो उद्या जबाब द्यायला येणार नाही. त्या कंपनीच्या खरेदी विभागाला ऑर्डरचा नंबर, तारीख आणि प्रत जोडून ईमेल करा : ही ऑर्डर आपण दिली आहे का, या व्यापाऱ्याची आपल्याकडे पुरवठादार म्हणून नोंद आहे का. "अशी ऑर्डर आमच्या नोंदीत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर तुमच्या दहा पानी तक्रारीपेक्षा जड आहे. उत्तर येत नसेल तर रजिस्टर्ड पत्र पाठवा; पोच हाताशी असली की पुढे तपास अधिकाऱ्याला तोच प्रश्न अधिकृतपणे विचारायला सांगता येतं.

मग दुसरी भिंत. ऑर्डर खोटी होती हे सिद्ध झालं तरी, ती खोटी असल्याचं *त्याला माहीत होतं* हे वेगळं दाखवावं लागतं. कोर्टात पहिला बचाव हाच येईल : "मलाही एका दलालाने फसवलं." म्हणून कंपनीचं उत्तर हातात आल्यावर, तक्रार देण्याआधी, त्याला एक साधा ईमेल करा. ही ऑर्डर तुम्हाला कुणाकडून, कोणत्या ईमेलवरून, कधी आली. मूळ मेल पुढे पाठवा. शिव्या नकोत, धमकी नको. खरोखर फसलेला माणूस मूळ मेल पाठवतो, कारण त्यातच त्याची सुटका असते. बनाव करणारा फोन करतो.

आणखी काही ठिकाणं बघा, आणि ती पोलिसांच्या आधी तुम्हीच बघा. जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रद्द असेल तर कोणत्या तारखेपासून, हे कुणालाही दिसतं. ऑगस्टच्या आधीच नोंदणी रद्द झालेली असताना त्याच नंबरावर माल उचलला असेल तर इरादा मुळातच वाईट होता याचा तो चांगला पुरावा. माल कुठे गेला हेही पाहा : ई-वे बिलावरचा पत्ता आणि प्रत्यक्ष गाडी रिकामी झाली ते ठिकाण एकच आहे का? बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि ड्रायव्हर यांच्याकडून ते कळतं. त्या कंपनीच्या नावाने घेतलेला माल आठवड्याभरात बाजारात पडत्या भावाने रोखीत विकला गेला असेल, तर 'धंदा बसला' हा बचाव टिकत नाही.

दीड लाखाच्या ॲडव्हान्सचं काय? तो बचावाच्या बाजूने वापरला जाणारच : "पैसे बुडवायचे असते तर दीड लाख कशाला दिले असते?" थोडं देऊन जास्त उचलणं ही जुनी चाल आहे हे कोर्टालाही ठाऊक असतं, पण तुमच्या खातेवहीत तो दीड लाख ऑगस्टच्या ऑर्डरपुढे जमा आहे की जुन्या बिलांत वळता केलाय, ते तपासा. जुन्या बिलांत गेला असेल तर समोरचा म्हणेल, हे सगळं एकच चालू खातं होतं, नवा सौदा वगैरे काही नव्हता. नोंद कशीही असो, आता ती बदलू नका. तारखा मागे टाकून केलेली दुरुस्ती सापडली की फिर्यादीचाच आरोपी होतो. त्याऐवजी त्या दिवशीचा बँकेचा संदेश, त्याचा 'ऑर्डरचे ॲडव्हान्स पाठवले' असा मेसेज, काय असेल ते जोडा.

आणखी एक अप्रिय प्रश्न, जो तुम्हाला उलटतपासणीत विचारला जाईल : नोव्हेंबरमध्ये खोटं कळल्यानंतर एखादी खेप गेली का? गेली असेल तर ती रक्कम फसवणुकीच्या आकड्यातून वगळा. माहीत असून दिलेला माल फसून दिलेला नसतो.

नोव्हेंबरचे चेकही फसवणुकीत घालू नका. माल ऑगस्टमध्ये गेला, चेक नंतर आले. चेकच्या भरवशावर तुम्ही काहीच दिलं नाही. ते कलम १३८ चं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथे ते भक्कम आहे. (माल उचलतानाच दिलेला चेक आधीच बंद केलेल्या खात्यावरचा निघाला असता, तर गोष्ट निराळी होती.)

आता रॉड आणि डाय. इथे कलम वेगळं, ३१६, फौजदारी विश्वासघात. विश्वासघाताला सुरुवातीच्या खोट्याची गरज नाही. गरज असते सोपवणुकीची. वस्तू तुमचीच राहते, ठरावीक कामासाठी त्याच्या ताब्यात जाते, आणि तो ती स्वतःची समजून वापरतो किंवा विकतो. विकलेल्या मालाला हे लागू होत नाही, कारण विक्री झाली की मालकी खरेदीदाराची. त्याने पैसे दिले नाहीत तरी त्याने *तुमची* वस्तू गिळली असं होत नाही. दिल्ली रेस क्लबच्या निकालात (ऑगस्ट २०२४) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि वर हेही सांगितलं की एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात एकत्र नांदू शकत नाहीत. तरीही ४२० आणि ४०६ (विश्वासघाताचं जुनं कलम) ची जोडी अर्जांवर छापल्यासारखी येतच असते. तुमच्याकडे दोन व्यवहार खरोखरच वेगळे आहेत, म्हणून दोन्ही कलमं लागू शकतात. पण अर्जात ऑगस्टच्या मालासमोर फक्त ३१८ आणि जॉबवर्कच्या मालासमोर फक्त ३१६ असं लिहा. तुमच्या बिलावर 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी आमची' अशी ओळ छापलेली असेल, तरी तिच्या जिवावर ऑगस्टच्या मालाला विश्वासघात म्हणायला जाऊ नका. ती ओळ दिवाणीत उपयोगाची.

किलोंचा हिशेब मात्र पक्का करा. १५० किलोचे पार्ट परत आले म्हणजे २५० किलो रॉड खाल्ला, असं होत नाही. फोर्जिंगच्या कडा छाटल्या, मशीनिंगचा बुरादा निघाला, म्हणजे १५० किलोच्या पार्टांना त्याहून बराच जास्त रॉड लागला असणार. हा फरक समोरच्याचा वकील पहिल्या दिवशी दाखवेल आणि तुमचा आकडा खोटा पडला की बाकी अर्जावरही संशय. तुमच्या स्वतःच्या कारखान्यात त्याच पार्टाला किलोमागे किती रॉड लागतो, भंगार किती निघतं, ते मागच्या नोंदींतून काढा. भंगार परत करायचं ठरलं होतं की मजुरीत वळतं होणार होतं, हे चलनावर किंवा जॉबवर्क ऑर्डरवर आहे का बघा. ठरलंच नसेल तर भंगार सोडा. हिशेबात न बसणारा अखंड रॉड आणि दोन डाय एवढ्यावरच तक्रार ठेवा. डायवर तुमचा नंबर किंवा पंच असेल तर फोटो, ड्रॉइंग, बनवणाऱ्याचं बिल जोडा. डाय त्याच्या शेडमध्ये पडलेल्या सापडल्या आणि त्याने म्हटलं "मजुरीचे पैसे द्या, घेऊन जा", तर तो अडवणुकीचा वाद होतो, गुन्हा डळमळतो. म्हणून आधी लेखी मागणी : अमुक तारखेला आमची गाडी येईल, माल आणि डाय तयार ठेवा, मजुरीचं काही येणं असल्यास बिल द्या. गाडी खरंच पाठवा. रिकामी परत आली तर गेटवरचा फोटो, ड्रायव्हरची नोंद. 'माल विकला' किंवा 'कसला माल?' असं उत्तर आलं की तुमचं ३१६ उभं राहिलं.

आणि ती ११ फेब्रुवारी. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर भरावा लागतो. (डायना ही मुदत नाही.) त्या तारखेनंतर तुमचा सीए सवयीने व्यापाऱ्याच्या नावे टॅक्स इनव्हॉइस फाडेल, आणि सहा महिन्यांनी आरोपी तेच बिल कोर्टात ठेवून म्हणेल, बघा, माल मला विकला होता, पैसे राहिलेत एवढंच. कर चुकवा असं नाही. पण सीए आणि वकील यांना एकत्र बसवा, कागदावर 'जॉबवर्कचा माल परत न आल्याने कलम १४३ नुसार, विक्री नाही, मालकी हक्क राखून' असा स्पष्ट शेरा येऊ द्या, आणि विश्वासघाताची तक्रार शक्यतो त्या तारखेच्या आधी ठाण्यात इनवर्ड (आवक नोंद) झालेली असू द्या.

पोलिस ठाण्यातून तोंडी परत पाठवलं म्हणता, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही तिथे गेलाच नाही. लेखी अर्ज द्या, प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या. अर्ज तीन पानांचा. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता : कुणी कधी काय सांगितलं, त्यावर विसंबून तुम्ही काय दिलं, ते खोटं कसं आणि कधी कळलं, कागद क्रमांक किती. ज्या माणसाने प्रत्यक्ष बोलणं केलं, ऑर्डर पाठवली, माल उतरवून घेतला, त्याचंच नाव घाला. बायको, भाऊ, अकाउंटंट यांची नावं दबावासाठी घातली जातात आणि त्याच पायी गुन्हा रद्द होतो. 'संगनमताने', 'अप्रामाणिकपणे' ही विशेषणं फुकट आहेत, ती तपासात काही सिद्ध करत नाहीत. बोगस ऑर्डरबद्दल फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं (कलम ३३६ आणि ३४०) यांचा उल्लेख करा. ठाणे अंमलदाराला हे प्रकरण उधारीपेक्षा वेगळं आहे हे त्यातूनच पटतं.

व्यापारी वादात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात (२०१३) दिलेली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(३) मध्येही तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांची चौकशी आहे. ३१६(२) ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत असल्याने तुमचा विश्वासघाताचा भाग त्यात बसतो. तेव्हा लगेच एफआयआर झाला नाही म्हणून चिडू नका, चौकशीला मूळ कागद घेऊन जा. काहीच हललं नाही तर १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज, आणि तिथेही नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. रक्कम मोठी असेल तर ठाण्यातून प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकतं.

व्हॉट्सॲप हा तुमचा मुख्य पुरावा आहे आणि तो सर्वांत लवकर वाया जातो. फोन बदलू नका, विकू नका. चॅटवर आपोआप मेसेज पुसण्याची सोय चालू असेल तर आज बंद करा. स्क्रीनशॉटचे प्रिंट ही केवळ चित्रं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं : 'अ' भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, म्हणजे तुमचा, 'ब' भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा). ऑर्डरची पीडीएफ आली तशीच ठेवा, पुढे पाठवून किंवा नव्याने स्कॅन करून तिचा मूळ तपशील घालवू नका.

आता त्या 'आत गेला की पैसे बाहेर येतील' बद्दल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) पोलिसांना अटकेची गरज कागदावर मांडावी लागते, एरवी हजर राहण्याची नोटीस देऊन काम चालतं. जामिनाच्या अटीत फिर्यादीची वसुली करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे. अटकेवर वसुलीची गणितं मांडणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा 'सी समरी' येते, म्हणजे वाद दिवाणी स्वरूपाचा किंवा गैरसमजातला म्हणून पोलिसांनी तपास बंद केल्याचा अहवाल, आणि तोवर वसुलीची तीन वर्षं उलटलेली असतात. एफआयआर केल्याने दिवाणी मुदत एक दिवसही थांबत नाही.

म्हणून पैशांची वाट समांतर चालवा. तुमच्या बाबतीत ती सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेची असावी असं माझं मत. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची आहे, माल तुम्ही स्वतः बनवता. अर्ज ऑनलाइन करता येतो. ४५ दिवसांपलीकडच्या थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज कायद्यानेच लागतं, करारात काहीही लिहिलेलं असो. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि ही अट वसुलीत अटकेपेक्षा जास्त कामाची आहे. पण ९० दिवसांत निकाल हे कागदावरचं. वेळ लागतो हे धरून चला. दुसरा मार्ग व्यापारी न्यायालयाचा. तीन लाखांपुढच्या दाव्यांना तो लागू, आणि तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी बंधनकारक. ती टाळून दावा टाकला तर फेटाळला जातो.

नोटिशींची भाषा मात्र आजच एका हाताखाली आणा. नेहमी घडतं ते असं : पहिला वकील साधी वसुलीची नोटीस काढतो, 'वारंवार विनंती करूनही थकीत रक्कम दिली नाही', बोगस ऑर्डरचा एक शब्द नाही. चार महिन्यांनी दुसरा वकील फसवणुकीची तक्रार करतो. मग उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायच्या अर्जाला तीच पहिली नोटीस जोडलेली असते. तुमची प्रत्येक नोटीस, परिषदेचा अर्ज, ईमेल यांत ऑगस्टच्या खोट्या ऑर्डरचा उल्लेख एकाच शब्दांत असू द्या. चेकच्या नोटिशीत एका वाक्यापेक्षा जास्त नको. दिवाणी कारवाई सुरू असल्याचं पोलिसांपासून लपवू नका. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात हे इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी (२००६) मध्ये स्पष्ट झालंय, लपवाछपवी मात्र महागात पडते. आणि त्याला 'पैसे टाक नाहीतर ४२० लावतो' असा मेसेज चुकूनही करू नका. गुन्हा वसुलीसाठी वापरला जातोय हे सिद्ध करायला त्याला दुसरं काही लागणार नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर डाय जप्त झाल्या तर पंचनाम्यात त्यांचे नंबर नीट आलेत का पाहा आणि मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज लगेच कोर्टात करा. खटला संपेपर्यंत वाट बघायची नसते. समेटाचा निरोप बहुधा याच सुमारास येतो. फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता येतात, पण बनावट दस्तऐवजाची कलमं लागली असतील तर तेवढ्याने भागत नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. 'आधी हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, पैशांचे पुढच्या तारखांचे चेक देतो' असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. पूर्ण रक्कम आरटीजीएसने खात्यात, डाय कारखान्यात, चेकच्या तक्रारीचं काय करायचं ते समेटपत्रात वेगळ्या कलमात. मग प्रतिज्ञापत्रावर सही.